तुम्ही विचारलेत म्हणून: ‘जखम तर आपोआप भरते!’

जखम भरून येण्याच्या प्रक्रियेवर मी संशोधन करते असे सांगितले की समोरची व्यक्ती बहुधा आपल्या गुडघ्यावरचा किंवा बोटावरचा एखादा जुना व्रण दाखवते आणि मग विचारते, “पण जखम तर आपोआप भरते ना? मग त्यात तुम्ही इतकी वर्षे करता काय?” या प्रश्नात खोच नसते, खरेखुरे कुतूहल असते. तरीही मी दर वेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगून विषय बदलते, कारण माझे सगळे काम त्या ‘आपोआप’ या एका शब्दात दडलेले आहे आणि तो शब्द उलगडायला निवांत वेळ लागतो.

पाठ्यपुस्तकातला भाग थोडक्यात सांगते. त्वचा कापली गेली की पहिल्या काही मिनिटांत प्लेटलेट पेशी एकमेकींना चिकटून रक्त थांबवतात आणि ते करतानाच इतर पेशींना बोलावणारी प्रथिने सोडतात. काही तासांत जंतूंचा समाचार घेणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात, दोन-तीन दिवसांत मृत पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींचे प्राबल्य होते, कडेच्या त्वचापेशी खपलीखालून सरपटत पुढे येतात, आणि खालच्या थरात फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेन, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे धागे, विणू लागतात. पुस्तकातल्या आकृतीत हे टप्पे एकामागून एक शिस्तीत मांडलेले असतात. मला मात्र विद्यार्थिदशेपासून एकच शंका छळत आली: पुढच्या पाळीचे कामगार कसे येतात ते कळले, पण आधीच्या पाळीला घरी जायला कोण सांगते? कारण ती पाळी हटली नाही, तर जखम भरत नाही. ती चिघळते.

पेशीच्या पातळीवर ‘घरी जा’ असे सांगण्याचा एक प्रमुख मार्ग म्हणजे ते काम करणारे प्रथिनच मोडून टाकणे. नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची साखळी डकवली जाते, आणि ती खूण दिसली की प्रोटिअसोम नावाची पिंपाच्या आकाराची यंत्रणा त्या प्रथिनाचे तुकडे करते. ही व्यवस्था शोधल्याबद्दल सिखानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रथिने तयार कशी होतात या प्रश्नाच्या मानाने त्यांची मोडतोड हा विषय बराच काळ दुय्यम समजला जाई. मलाही तो तसाच वाटत असे, आणि ती समजूत माझ्याच एका फसलेल्या प्रयोगाने दूर केली.

प्रयोग साधा होता. ऑक्सिजन कमी पडला की पेशींमध्ये एचआयएफ-१ अल्फा नावाचे प्रथिन साठते, तेच मला दाखवायचे होते. त्वचापेशींच्या डिश मी एक टक्का ऑक्सिजन असलेल्या बंद कक्षात काही तास ठेवल्या, बाहेर काढल्या, बाकावर आणल्या, गार द्रावणाने धुतल्या, लेबले ताडून पाहिली आणि मग पेशी फोडण्याचा बफर, म्हणजे एक द्रावण, घातला. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने आकारमानानुसार वेगळी करून हवे ते अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत, सुमारे १२० किलोडाल्टन या वजनाच्या खुणेपाशी गडद पट्टी दिसायला हवी होती, आणि तिथे जवळजवळ काहीच नव्हते. मी अँटिबॉडी बदलली, प्रयोग पुन्हा केला, तिसऱ्यांदा केला. अखेर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “डिश बाहेर काढल्यापासून बफर घालेपर्यंत किती वेळ जातो?” घड्याळ लावून पाहिले तेव्हा तो वेळ दहा मिनिटांच्या आसपास निघाला. ऑक्सिजन मिळाल्यावर या प्रथिनाचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे मोडायला लागणारा वेळ, पाच मिनिटांच्या घरात असते. म्हणजे मी कक्षापासून बाकापर्यंत चालत होते तेवढ्यात, माझ्या हातातल्या डिशमध्ये ते मोडले जात होते. पुढच्या वेळी बफर कक्षातच नेऊन, हातमोज्यांच्या भोकांतून हात घालून, पेशी तिथल्या तिथे फोडल्या, आणि पट्टी उमटली.

ऑक्सिजन पुरेसा असताना पेशी हे प्रथिन सतत बनवत असते आणि सतत मोडतही असते. ही उधळपट्टी कशासाठी, असे कोणालाही वाटेल. तिचे उत्तर वेगात आहे. संकट आल्यावर जनुक वाचून प्रथिन बनवायला सुरुवात करण्यापेक्षा आधीच चालू असलेली मोडतोड थांबवणे कितीतरी झटपट होते. मोडण्याचा निर्णयही ऑक्सिजनच घडवतो: एक विशिष्ट एन्झाइम ऑक्सिजन वापरून या प्रथिनावरच्या ठरावीक जागी रासायनिक खूण करते, आणि ती खूण ओळखूनच युबिक्विटिन डकवले जाते. हा उलगडा करणारे केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा हे २०१९ च्या वैद्यकातल्या नोबेलचे मानकरी आहेत. जखमेच्या मध्यभागी केशवाहिन्या तुटलेल्या असतात, म्हणून तिथे ऑक्सिजन कमी पडतो. प्रथिन साठते, नव्या रक्तवाहिन्यांची जुळवाजुळव करणारी जनुके चालू करते, वाहिन्या उगवतात, त्यांतून ऑक्सिजन येतो आणि त्याच ऑक्सिजनमुळे ते प्रथिन नाहीसे होते. काम फत्ते झाल्याची वर्दी आणि कामावरून कमी केल्याचा हुकूम इथे एकच आहे. इतकी नेटकी रचना मी जीवशास्त्रात फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

मधुमेहात ही रचना बिघडते. साखर जास्त असलेल्या वातावरणात ऑक्सिजन कमी असूनही हे प्रथिन पुरेसे टिकत नाही, आणि पायावरची साधी जखमही महिनोन् महिने तशीच राहण्यामागे जी अनेक कारणे आहेत त्यांतले हे एक. मग मोडतोडच बंद पाडली तर? खूण करणारे ते एन्झाइम रोखणारी औषधे आहेत, आणि मूत्रपिंडाच्या विकारातल्या रक्तक्षयासाठी ती काही देशांत वापरातही आहेत. परंतु ज्यांच्यात ती खूण ओळखणारे प्रथिनच जन्मतः सदोष असते, त्यांच्यात रक्तवाहिन्यांच्या गाठी आणि मूत्रपिंडाचे कर्करोग होतात. म्हणजे प्रथिन टिकले पाहिजे, पण मोजके दिवस. ते कमी पडले तर जखम उघडी राहते आणि कायमचे टिकले तर गाठ वाढते.

मोडतोडीचे महत्त्व डोळ्यांनी पाहायचे असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. डिशच्या तळाशी त्वचापेशींचा सलग थर वाढवायचा आणि पिपेटच्या टोकाने त्यावर एक सरळ ओरखडा काढायचा. हीच आमची जखम. मग दर तासाला फोटो. कडेच्या पेशी पातळ पदर पुढे पसरतात, तळाला नव्याने पकड घेतात आणि अंग ओढतात. पुढची पकड जितकी महत्त्वाची तितकेच मागची सुटणेही महत्त्वाचे असते. मागची पकड सोडताना कॅल्पेन नावाचे एन्झाइम तिथले जोडणारे प्रथिन कापते. ते एन्झाइम रोखले की पेशीचे डोके पुढे जाते आणि शेपूट मागेच चिकटून लांबलचक ताणले जाते. पाय चिखलात रुतलेल्या माणसासारखी ती दिसते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आले होते.

यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: “मग मलम कधी येणार?” एक आलेलेच आहे. वाढीला चालना देणारे, प्लेटलेटमधले एक प्रथिन घातलेले जेल मधुमेही पायाच्या जखमांसाठी अमेरिकेत १९९७ साली मंजूर झाले. त्याचा उपयोग होतो, पण सुरुवातीला वाटला होता तितका नाही. चिघळलेल्या जखमेच्या स्रावात कोलॅजेन कापणारी एन्झाइमे बेसुमार असतात. या कुळातले पहिले एन्झाइम १९६२ साली बेडकाच्या पिलाची शेपटी कशी विरघळते हे शोधताना सापडले. नीट भरणाऱ्या जखमेत त्यांना लगाम घालणारी प्रथिने असतात. चिघळलेल्या जखमेत तो लगाम सुटतो, आणि मग बाहेरून घातलेले औषधी प्रथिनही काम करण्याआधीच तुटण्याची भीती असते. तेव्हा नवे काही घालण्याच्या आधी तिथे ठाण मांडून बसलेले हलवावे लागते.

शल्यचिकित्सकांना हे आमच्या कितीतरी आधी ठाऊक होते. चिघळलेल्या पायाचा रुग्ण आला की ते आधी मृत भाग खरवडून काढतात, जंतुसंसर्ग आटोक्यात आणतात, त्या जागेवर पडणारा शरीराचा भार काढून घेतात आणि रक्तपुरवठा तपासतात. मलमाची पाळी त्यानंतर येते.