चाकांचा वॉकर, चौदा पायऱ्या आणि माझा अंगठा

गावातले पोट्टे माझ्या वॉकरला 'आबाजीची बंडी' म्हणतात. म्हणोत. बंडीला निदान बैल असतात, इथं बैलही मीच. मागच्या वर्षी गोठ्यात पाय घसरून खुबा मोडला, नागपूरला ऑपरेशन झालं, घरी आलो. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. डोक्यात अजून बसलेत ते तीन हजार रुपये.

मुख्यमंत्री वयोश्री योजना ऐकली असेल. वय पासष्ट किंवा त्याच्या वर आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असलं की चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची असल्या वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात येतात. मी एकाहत्तरचा, चार एकर कोरडवाहू. बसलो योजनेत. अर्जाचं सगळं नातवानं एका दिवसात उरकलं. पैसे येईपर्यंत शेजाऱ्यांच्या माळ्यावरचा चार चाकांचा वॉकर मागून आणला. तो त्यांच्या वारलेल्या काकांचा, आणि काका सहा फुटी. आठ दिवसांत माझे खांदे भरून आले. शेवटी फिजिओथेरपीवाल्या पोरीनं मला ताठ उभं केलं, हात सैल सोडायला लावले आणि मनगटाची घडी जिथं येते तिथवर वॉकरच्या मुठी खाली आणल्या. धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. दोन्ही बाजूंची उंचीची भोकं मोजून सारखी घ्या, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.

त्याचे ब्रेकही ढिले होते. चावडीच्या उतारावर वॉकर पुढं आणि मी मागं, कडुलिंबाला जाऊन टेकलो म्हणून वाचलो. त्या पोरीनं तेव्हा चांगलंच झापलं. ज्याला हातांवर भार टाकून चालावं लागतं त्यानं चार चाकी घेऊच नये म्हणे, ती पळते. त्याला पुढं दोन चाकं आणि मागच्या पायांना रबरी बूच असलेला बरा. माझा पाय तोवर भार घेऊ लागला होता, म्हणून मला चार चाकी चालली, पण ब्रेक घट्ट करून.

आता मूळ दुखण्यावर येतो.

योजनेवाल्यांचा फोन आला, "तुमचे पैसे टाकले, ३० दिवसांत वस्तूचं बिल आणून द्या." पासबुक भरून आणलं तर त्यात काहीच नाही. बँकेवाले म्हणाले, आधार लिंक आहे, पैसे आले तर दिसतील. असे दहा दिवस गेले. मग नातवानं आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं, तर तिथं भलत्याच बँकेचं नाव! सरकारी पैसा आपण जोडलेल्या पासबुकावर जात नाही, आधार शेवटी ज्या बँकेत सीड झालं (म्हणजे सरकारी पैशासाठी जोडलं गेलं) असेल तिथं जातो. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. माझं आधार २०१५ साली गावातल्या शिबिरात उघडलेल्या जनधन खात्याला चिकटलेलं होतं. ते पासबुक पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली सापडलं.

ती बँक तालुक्याला, पहिल्या मजल्यावर. रॅम्प नाही, लिफ्ट नाही. चौदा पायऱ्या, मी खालून मोजल्या. चालायच्या गाडीचे पैसे घ्यायला चौदा पायऱ्या!

पहिल्या दिवशी नातू एकटा वर गेला. "खातेदार पायजे." मी खाली पानठेल्यापाशी, दोन्ही ब्रेक खाली दाबून लॉक केलेल्या वॉकरच्या सीटवर बसून. (सीटवर बसायचं ते लॉक करूनच, आणि मागं सरकत पायाला सीट लागली की मग. बसलेल्या माणसाला कुणी ढकलत न्यायचं नाही, ती व्हीलचेअर नव्हे.) दुसऱ्या खेपेला दोन पोरांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत घालून वर नेलं. खाली लोक बघत होते. ती लाज अजून गेली नाही. वर गेलो तर खातं बंद पडलेलं, केवायसी करा. मशीनवर अंगठा ठेवला, लागेना. पुसला, लागेना. दहाही बोटं झाली. पन्नास वर्षं विळा आणि पऱ्हाटी हाताळलेली बोटं, त्यांवर रेघा कुठून उरणार? "उद्या या." मी म्हटलं, उद्या मले खुर्चीत कोन आणते, तुमी?

नातवानं रात्री मोबाइलवर शोधलं. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगून ठेवलंय, सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच मूलभूत सेवा द्या. केवायसीची कागदं घरी येऊन घेणंही त्यातच आलं. तिसऱ्या खेपेला मी वर गेलोच नाही. नातवासोबत लेखी अर्ज वर पाठवला, त्यात वय, ऑपरेशन आणि रिझर्व्ह बँकेचं ते सांगणं लिहिलं, आणि पोच मागितली. पोच मागितल्यावर साहेब स्वतः खाली आले. पानठेल्याच्या बाकावर फॉर्म ठेवला, फोटो चिकटवला, सही घेतली. चार मिनिटं! पानठेलेवाल्यानं साहेबांना खर्रा विचारला, ते नाही म्हणाले.

पैसे हातात आले तेव्हा सव्विसावा दिवस. वर घरचे घालून सीट-ब्रेकवाला स्वतःचा वॉकर घेतला आणि अठ्ठाविसाव्या दिवशी बिल दिलं. तेव्हा आधी आधारचं ते बँक सीडिंग स्टेटस बघा, मग अर्ज करा.

अजून काही आठवलं तसं लिहितो. मुठींना पिशव्या अडकवू नका, गाडी उलटते. पुढच्या टोपलीत ठेवा, तेही थोडंच. खुर्चीतून उठताना वॉकरला धरून ओढू नका, खुर्चीच्या हातांवर जोर द्या. गाडी दूर ढकलून वाकत चालू नका, तिच्या आतच राहा. पावसाळ्यात आमची काळी माती चाकाला अशी बसते की चाक फिरतच नाही, घरी आल्यावर खरवडा. वेचणीच्या दिवसांत घरात कापूस असतो, त्याचे तंतू पुढच्या चाकाच्या आसाला गुंडाळतात आणि चाक अचानक अडतं. ब्लेडनं कापून काढा. उंबरठ्यापाशी मी घाई करत नाही, आधी वॉकर पलीकडं, ब्रेक लॉक, मग पाय. एसटीत घडी करून आधी वॉकर चढवायला द्यायचा, आपण दांडीला धरून मागून.

आणि त्या बँकेखाली थांबायची वेळ आली तर पानठेल्याच्या डाव्या अंगाला थांबा. उजवीकडं नालीकडं उतार आहे.