वसगमुवाचं कुंपण: हत्तींच्या शेजारी राहणाऱ्या गावांत कामाला जाताना

श्रीलंका आणि हत्ती म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना पिन्नावला आठवतं, नदीवर आंघोळीला निघालेला कळप आणि काठावर मोबाइल धरून उभे पर्यटक. आम्ही ठाण्याहून जातो ते वसगमुवाला. इथे हत्तीला हात लावायला मिळत नाही, आणि मिळू नये. काम हत्तींचं नसतंच, त्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचं असतं. ज्या संस्थेच्या जाहिरातीत स्वयंसेवक हत्तीला आंघोळ घालताना किंवा केळी भरवताना दिसतात, तिथे पैसे भरू नका. रानटी हत्तीसोबत असं काही करता येत नाही, म्हणजे तो हत्ती पाळीव आहे आणि काम पर्यटनाचं आहे.

वसगमुवा राष्ट्रीय उद्यान मातले आणि पोलोन्नरुवा जिल्ह्यांच्या सीमेवर आहे, पूर्वेला महावेली आणि उत्तरेला अंबन गंगा या नद्या. मुंबई-कोलंबो थेट विमान साधारण अडीच तासांचं, पुढे कँडी किंवा दंबुल्लामार्गे हेट्टीपोलापर्यंत रस्त्याने निम्मा दिवस जातो. 1995 मध्ये रवी कोरेया यांनी सुरू केलेली श्रीलंका वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी या भागात काम करते. पर्यटक व्हिसावर स्वयंसेवक म्हणून राहता येतं का, हे निघण्याआधी संस्थेकडून लेखी मागून घ्या. नियम बदलत असतात आणि विमानतळावर तोंडी उत्तर कामाला येत नाही.

2011 च्या गणनेत श्रीलंकेत 5,879 हत्ती नोंदले गेले. त्याहून महत्त्वाचा आकडा वेगळा आहे. देशाच्या जवळपास 60 टक्के भूभागावर हत्तींचा वावर आहे आणि त्यातल्या सुमारे 70 टक्के भागात माणसंही राहतात. म्हणजे हत्ती जंगलात आणि माणूस गावात ही वाटणी तिथे मुळात नाहीच. तरीही वर्षानुवर्षं कुंपणं घातली गेली ती सरकारी नकाशावरच्या हद्दीवर, वन्यजीव खात्याची जमीन कुठे संपते आणि वन खात्याची कुठे सुरू होते त्या रेषेवर. दोन्ही बाजूंना जंगल, दोन्ही बाजूंना हत्ती. आडरानातल्या त्या तारेकडे बघायला कुणी नाही, मग हत्ती निवांत एकेक खांब पाडून शिकतो. कुंपण हत्तींभोवती न घालता गावाभोवती आणि भाताच्या खाचरांभोवती घातलं, तर मात्र ते टिकतं, कारण तार तुटली की ज्याचं भात जाणार तोच ती रोज पाहतो. कुंपण कुणाचं आहे, यावरच सगळं अवलंबून असतं.

रचना आपल्याकडच्या झटका मशीनचीच. सौर पॅनल, 12 व्होल्टची बॅटरी, मशीन, तारा, इन्सुलेटर आणि अर्थिंगच्या सळ्या. साधारण दर सेकंदाला एक झटका जातो, 5 ते 9 हजार व्होल्टचा, पण सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळाचा. त्यामुळे हत्ती दचकून मागे सरतो, मरत नाही. घरातली 230 व्होल्टची लाइन थेट तारेला जोडणं ही वेगळीच गोष्ट आहे. तिने हत्तीही मरतो आणि माणूसही. श्रीलंकेत असे मृत्यू होत आलेत, आपल्याकडेही.

स्वयंसेवकाच्या वाट्याला बहुतेक वेळ तारेखालचं गवत कापणं येतं. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण कुंपण निकामी व्हायचं सगळ्यात मोठं कारण हेच. पावसाळ्यात आठवड्याभरात वेल तारेवर चढते आणि ओल्या पानांतून करंट जमिनीत जातो. पहिलं रीडिंग मशीनपाशी घ्यायचं, दुसरं सगळ्यात लांबच्या टोकाला. टोकाला 5 हजारांच्या खाली आलं की गळती शोधायला लागायचं. मध्ये मध्ये कट-आउट स्विच असतात, एकेक भाग तोडत जायचं. जो भाग तोडल्यावर रीडिंग उसळी मारतं, दोष त्याच भागात. मग कान देऊन चालत जायचं. गळतीच्या जागी बारीक टक-टक ऐकू येते आणि अंधारात ठिणगीही दिसते. बहुतेक वेळा फुटलेला इन्सुलेटर, गंजलेली गाठ किंवा तारेवर पडलेली फांदी निघते. हे काहीच सापडलं नाही तर अर्थिंग बघायची. कोरड्या महिन्यांत सळ्यांभोवतीची माती सुकते, झटक्याचं वर्तुळ पूर्ण होत नाही आणि हत्तीला नुसती गुदगुली होते. सळ्यांच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतलं की फरक लगेच मीटरवर दिसतो.

हत्ती काय करतो हेही समजून घ्यायला हवं. सुळ्यातून झटका लागत नाही, म्हणून सुळेवाला नर तार सुळ्याने ओढतो. श्रीलंकेत मात्र सुळे असलेले नर फार थोडे, साधारण 7 टक्के. बाकीचे पायाने खांब ढकलतात, नाहीतर तारेवर झाड पाडतात. म्हणून तारेलगतचं पडू शकणारं झाड आधीच पाहून ठेवावं लागतं.

भाताचे हंगाम दोन. महा हंगामाची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास आणि कापणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, यला हंगाम मे ते ऑगस्टच्या आसपास. शेतकऱ्यांची समिती खाचरांभोवतीचं कुंपण पेरणीच्या वेळी उभारते आणि कापणी झाली की खांब उपटून ठेवते. मग हत्ती आत येऊन धसकटं खातात. आम्हाला या व्यवस्थेतली ही सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. हत्तीचा उन्हाळ्यातला चारा त्याला मिळतो आणि शेतकऱ्याचं काहीच जात नाही. दाणा दुधात येतो ते दिवस सगळ्यात जोखमीचे, तेव्हा माळ्यावर रात्रीची राखण असतेच. फटाक्यांना हत्ती सरावतात आणि पुढे पुढे चिडून अंगावर येतात. रानडुकरांसाठी फळात दडवलेला ‘हक्का पटास’ नावाचा स्फोटक गोळा तर हत्तीच्या पिल्लांचे जबडे फोडतो. मग ते पिल्लू उपाशी राहून मरतं, कित्येक दिवसांनी.

संस्थेचा दुसरा उद्योग संत्र्यांचा. लिंबूवर्गीय झाडं हत्तीला आवडत नाहीत, म्हणून परसबागांच्या कडेने बिबिले जातीची संत्री लावतात. झाड घराची राखण करतं आणि फळ बाजारात जातं. पण संत्र्याने हत्ती अडतो असं समजू नका. तो फक्त तिथे थांबत नाही, पलीकडे फणस पिकला असेल तर वाट काढतोच. फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात, तोवर गुरांपासून आणि उन्हापासून रोप जगवणं हेच खरं काम. स्वयंसेवक घरोघरी जाऊन किती रोपं जगली ते मोजतात.

हत्तीच्या वाटेवरून पोरं शाळेत चालत जाऊ नयेत म्हणून एक बस चालते, तिच्या नोंदीही ठेवाव्या लागतात. शिवाय पावलांची मापं घ्यायची. पुढच्या पायाच्या ठशाचा परीघ दोरीने घ्या, दुप्पट करा, हत्तीची खांद्यापर्यंतची उंची साधारण तेवढीच येते. ठसा घट्ट ओल्या मातीतला हवा. चिखलात पसरलेला ठसा हत्ती मोठा दाखवतो. ओळख पटवायची ती कानांवरून. फाटलेली कड, भोक, वरची घडी आणि शेपटीचे केस, यांचे फोटो दोन्ही बाजूंनी लागतात.

सामान ठाण्यातच जांभळी नाक्यावर मिळतं, महागडं काही न्यायची गरज नाही. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हेडलॅम्प, पूर्ण बाह्यांचे मातकट रंगाचे कपडे आणि जळवांसाठी लांब मोजे. श्रीलंका 2016 पासून मलेरियामुक्त आहे, पण डेंग्यू आणि लेप्टो आहेत. पायाला जखम असेल तर खाचरात उतरू नका. शाकाहारी असाल तर पोल सांबोलबद्दल, म्हणजे खोबऱ्याच्या चटणीबद्दल, विचारून घ्या, त्यात बऱ्याचदा उंबलकड, म्हणजे सुक्या माशाचा चुरा असतो. पायवाटेवर हत्ती समोर आला तर गावकरी सांगेल तसं मुकाट मागे सरकायचं. फोन बाहेर काढायचा नाही.

हत्ती उचलून दुसरीकडे सोडा, ही मागणी तिथेही होते. कॉलर लावून पाहिलं तेव्हा असे नर कधी परत आले, कधी भटकत राहिले, आणि नव्या जागीही माणसांशी भिडले. ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलाच्या वेशीवर बिबट्या दिसला की पिंजरा मागणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यायला हवं.

ठाण्यात सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडची खूप घरं आहेत, आणि तिकडे 2002 पासून कर्नाटकातून आलेले हत्ती माड, केळी, सुपारी पाडताहेत. गावी कुंपणाचा विचार चालू असेल तर ते जंगलाच्या कडेने न घालता बागांभोवती घाला आणि देखभालीची पाळी वाडीने आधीच ठरवून घ्या. जांभ्यात अर्थिंग नीट मिळत नाही, मार्चनंतर तर अजिबातच नाही. सळ्यांभोवती खोल खड्डा, कोळसा, मीठ आणि ओलावा धरणारी माती लागेल, शक्यतो विहिरीच्या किंवा व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, जवळ. पावसात तिथलं रान वसगमुवापेक्षाही जोमाने वाढतं, म्हणून जून ते ऑक्टोबर कोयता घेऊन तारेखाली फिरणारी दोन माणसं मोबदल्यावर नेमा आणि त्यांचे पैसे मशीनच्या खर्चातच धरा.