तुम्ही विचारलंत म्हणून: होम इमर्जन्सी कव्हर घ्यावं का?

ऑक्टोबरअखेर इंग्लंडमधली घड्याळं एक तास मागे गेली की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारं बहुतेक वेळा नुकतंच घर घेतलेलं जोडपं असतं. होम इन्शुरन्सचा फॉर्म भरताना शेवटी एक चौकोन समोर येतो: होम इमर्जन्सी कव्हर, म्हणजे घरात अचानक काही बिघडलं तर माणूस पाठवणारा विमा, हवंय का? बॉयलर (घर गरम ठेवणारं आणि गरम पाणी देणारं यंत्र), नळ, तुंबलेलं गटार, वीज, हरवलेली किल्ली, सगळं त्यात. टिक करायची की पुढे जायचं? पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला हा प्रकारच नवा असतो. तिकडे गीझर गेला तर वॉचमनला सांगितलं की कुणीतरी उगवतं, आणि तोवर गॅसवर पातेलं चढवून आंघोळी उरकता येतात. इकडे जानेवारीत बॉयलर गेला तर आंघोळीचं राहू द्या, घरात जॅकेट घालून बसावं लागतं.

मी प्लंबर नाही आणि विमा एजंटही नाही. रेडिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, आणि पॉलिसीची बारीक अक्षरं वाचायची खोड आहे, म्हणून लोक विचारतात. माझं मत थोडक्यात असं: हे कव्हर म्हणजे मुख्यतः एका फोन नंबरची किंमत आहे. रविवारी रात्री उचलला जाणारा फोन आणि त्यानंतर दारात येणारा माणूस, एवढंच तुम्ही विकत घेता. ज्याच्याकडे भरवशाचा गॅस इंजिनियर आहे आणि अडीअडचणीला हजारभर पौंड बाजूला ठेवलेले आहेत, त्याने त्या चौकोनाकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. बाकीच्यांनी पुढे वाचा.

भाड्याने राहत असाल तर विषय इथेच संपला. इंग्लंडमध्ये नेहमीच्या भाडेकरारात हीटिंग, गरम पाणी, पाइप आणि वायरिंग चालू ठेवण्याची जबाबदारी 1985 च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे. त्याच्या बॉयलरचा विमा तुम्ही का भरायचा? बिघाड झाला की एजन्सीला ईमेल करा, तारखेसकट, फोटोसकट. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल कराच.

नवीन बांधणीचं घर घेतलं असेल तरी घाई नको. पहिली दोन वर्षं बिल्डर बांधील असतो, आणि बॉयलरला कंपनीची गॅरंटी असते. जुन्या घरातही आधीच्या मालकाने बॉयलर बदललेला असेल तर गॅरंटीची बरीच वर्षं उरलेली असू शकतात. दहा वर्षांची गॅरंटी आता काही अप्रूप राहिलेली नाही. घराच्या कागदपत्रांत बॉयलरचं लॉगबुक शोधा. अट एकच, दर वर्षी सर्व्हिसिंग झालेलं असलं पाहिजे आणि त्याची नोंद हवी. गॅरंटीत सुटे भाग आणि मजुरी दोन्ही येतात. म्हणजे ज्या भीतीपोटी लोक कव्हर घेतात, ती बॉयलरची भीती गॅरंटीने आधीच मिटवलेली असते. तरीही माझ्या ओळखीत अशी घरं आहेत की गॅरंटी चालू, होम इन्शुरन्समध्ये कव्हर चालू, आणि शिवाय दर महिन्याला तिसऱ्याच कंपनीचा डायरेक्ट डेबिटही चालू. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पैसे गेले तरी चालतील, डोक्याला ताप नको."

काही गोष्टी तर फुकटच मिळतात. गॅसचा वास आला तर 0800 111 999 हा नंबर दिवसरात्र चालू असतो. माणूस येऊन गॅस बंद करतो आणि घर सुरक्षित करून जातो (बॉयलर दुरुस्त करणं मात्र त्याचं काम नाही). गल्लीतली वीज गेली तर 105. गटाराचं तर बहुतेकांना माहीतच नसतं. 1 ऑक्टोबर 2011 पासून शेजाऱ्यांशी सामाईक असलेली गटारं आणि तुमच्या हद्दीबाहेरची लाइन पाणी कंपनीच्या ताब्यात गेली आहे. टेरेस्ड किंवा सेमी (शेजारच्या घराला भिंत लागून असलेल्या) घरात बरेचदा मागच्या अंगणातलं गटार सामाईक असतं, म्हणजे तुंबलं तर कंपनीने येऊन मोकळं करायचं. आधी तिकडे फोन करा, मग खासगी माणसाकडे वळा. आणि फोडणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. थंडीत ते पाइपात गोठतं, आणि मग कुठलंही कव्हर घेतलं तरी सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

आता पॉलिसीकडे येऊ. जाहिरातीत हसरा माणूस निळ्या डांगरीत उभा असतो. त्याच्याकडे बघू नका, "यात काय येत नाही" या शीर्षकाचं पान उघडा. पॉलिसीगणिक आकडे बदलतात, पण ठेवण तीच असते. पहिले काही दिवस, कुठे 14 तर कुठे 28, दावाच करता येत नाही. म्हणजे बॉयलर कुरकुरायला लागल्यावर धावत जाऊन घेतलेल्या कव्हरचा उपयोग शून्य. दर खेपेला खर्चाची मर्यादा असते, बरेचदा 500 किंवा 1000 पौंड, आणि त्यात मजुरी, सुटे भाग आणि व्हॅट सगळं धरलेलं. वर तुमचा एक्सेस, म्हणजे दर दाव्यात तुम्ही भरायची ठरावीक रक्कम, वेगळा. वर्षभरात सर्व्हिसिंग केलं नसेल तर बॉयलर बाद. ठरावीक वयापेक्षा जुना असेल तरी बाद. आमच्या थेम्सच्या खोऱ्यात पाण्याला क्षार फार; किटलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच बॉयलरच्या आतही बसतो, आणि क्षारांमुळे किंवा रेडिएटरमधल्या काळ्या गाळामुळे झालेला बिघाड बऱ्याच पॉलिसी स्पष्टपणे वगळतात. मग आलेला इंजिनियर म्हणतो, आधी सिस्टिमचं पॉवर फ्लश (जोराच्या पाण्याने आतली सफाई) करून घ्या, मग बघू. ते काही शे पौंडांचं काम तुमच्या खिशातून.

पण सगळ्यात महागात पडतं ते "दुरुस्ती परवडणारी नाही" हे कलम. दुरुस्तीचा खर्च बॉयलरच्या किमतीच्या मानाने जास्त आहे असं कंपनीने ठरवलं की ती दुरुस्ती करत नाही, नव्या बॉयलरसाठी थोडीफार रक्कम हातावर ठेवते आणि मोकळी होते. आमच्या ओळखीच्या एका घरात हेच झालं. बारा-तेरा वर्षांचा कॉम्बी (हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही देणारा) बॉयलर, वर्षानुवर्षं न चुकता हप्ते भरलेले. इंजिनियर आला, झाकण काढलं, हीट एक्स्चेंजर गेलाय म्हणाला, टॅबलेटवर काहीतरी टिकटिक केलं आणि 250 पौंडांचं पत्र पाठवून देतो म्हणाला. नवा बॉयलर बसवायला खर्च आला त्याच्या दहापट. कंपनीचं काही चुकलं नव्हतं, कलम तिथे होतंच. त्या घरातल्या काकांचा समज मात्र शेवटपर्यंत असा होता की आपण बॉयलरचा विमा काढलाय, म्हणजे बॉयलर गेला तर बॉयलर मिळणार.

हिशेब करू. बॉयलरसकट चांगलं कव्हर, वार्षिक सर्व्हिसिंग धरून, महिन्याला साधारण 25 पौंड, म्हणजे वर्षाचे 300. नुसतं सर्व्हिसिंग बाहेरून केलं तर 100 च्या आसपास. उरलेले 200 म्हणजे कव्हरची खरी किंमत, पाच वर्षांचे हजार. पंखा, पंप किंवा सर्किट बोर्ड बदलायला साधारण 300 ते 450 पौंड लागतात. म्हणजे पाच वर्षांत दोन मोठे बिघाड झाले तरी हिशेब जेमतेम बरोबरीत सुटतो, आणि नीट सर्व्हिसिंग होणारा बॉयलर एवढा सहसा छळत नाही. होम इन्शुरन्सला जोडून घेतलेलं कव्हर याहून बरंच स्वस्त पडतं, वर्षाला पन्नास-साठ पौंडांतही मिळतं. फोन नंबरसाठी एवढे पैसे मला पटतात. मात्र त्यात सर्व्हिसिंग नसतं आणि बॉयलर आहे की नाही तेही बघून घ्या. पाणी गळून छत कोसळलं तर छताचा खर्च होम इन्शुरन्स देतो, फुटलेल्या पाइपाचा सहसा देत नाही. ती मधली फट हे कव्हर भरून काढतं.

पाणी किंवा वीज कंपनीच्या नावाने असं कव्हर विकायला येणारी पत्रं मात्र जपून वाचा. तुमच्या घरापर्यंत येणाऱ्या पाइपाची जबाबदारी तुमची आहे, असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं. पण त्या पाइपाची पहिली गळती कित्येक पाणी कंपन्या फुकट किंवा सवलतीत दुरुस्त करतात, हे त्या पत्रात नसतं. या धंद्यातली मोठी कंपनी होमसर्व्ह हिला चुकीच्या पद्धतीने पॉलिसी विकल्याबद्दल आणि तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल फेब्रुवारी 2014 मध्ये फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या सरकारी नियामकाने तीन कोटी पौंडांहून अधिक दंड केला होता. तेव्हापासून विक्री बरीच सुधारली आहे. दावा नाकारला आणि तो अन्याय वाटला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही तर फायनान्शियल ओंबड्समनकडे (अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जाता येतं, त्याचे पैसे लागत नाहीत.

कडाक्याच्या थंडीत कव्हरवाल्यांना येणाऱ्या फोनांपैकी बरेचसे ज्या बिघाडामुळे येतात, तो तुम्हाला स्वतःला दुरुस्त करता येतो. 2005 नंतर बसवलेले जवळपास सगळे गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे आहेत. त्यातून थेंब थेंब पाणी निघतं आणि ते एका प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर जातं. तो पाइप बाहेरच्या भिंतीवरून जात असेल तर पारा शून्याखाली गेल्यावर आतलं पाणी गोठतं, बॉयलर हुक्क्यासारखा गुडगुडतो, पडद्यावर एक कोड दाखवतो आणि बंद पडतो. गल्लीतल्या निम्म्या घरांचं एकाच सकाळी हे होतं, आणि त्याच सकाळी कव्हरवाल्यांच्या फोनवर तास तास संगीत ऐकावं लागतं. बाहेर जा. पाइपाचं कोपर किंवा खाली गटारात सुटणारं टोक चाचपून बघा, बर्फ बहुधा तिथेच धरतो. झाडांना पाणी घालायच्या झारीत कोमट पाणी घ्या, उकळतं अजिबात नको, आणि त्या जागेवर सावकाश ओता. खाली सांडलेलं पाणी लगेच गोठतं, त्यावर मीठ टाका, नाहीतर घसरून पडाल. मग आत येऊन रिसेटचं बटण दाबा. पुढच्या वर्षीच्या सर्व्हिसिंगला इंजिनियरला सांगून तो पाइप जाड घालून घ्या आणि वर लॅगिंग (थंडी अडवणारं फोमचं आवरण) चढवा. बॉयलरचं झाकण मात्र उघडायचं नाही, ते गॅस सेफ रजिस्टरमधल्या, म्हणजे गॅसच्या कामाचा अधिकृत परवाना असलेल्या, माणसाचंच काम.

आणि घर घेतल्या घेतल्या स्टॉप टॅप, म्हणजे घरात येणारं पाणी बंद करायचा मुख्य नळ, शोधा. बहुतेक वेळा सिंकखाली, साबणाच्या बाटल्यांच्या मागे असतो. फिरवून बघा. वर्षानुवर्षं हात न लावल्याने तो जाम झालेला असला तर आजच मोकळा करून घ्या, पाइप फुटल्यावर नको.

मग घ्यावं कुणी? जुना बॉयलर, गॅरंटी संपलेली, ओळखीचा इंजिनियर नाही, आणि घरात तान्हं बाळ किंवा भारतातून आलेले आईबाबा आहेत, त्यांनी घ्यावं. तुम्ही दोघं ऑफिसात आणि आईबाबा थंड घरात, अशा वेळी फोन करून माणूस मिळणं याला किंमत आहे. एखादं वर्ष घ्या, त्या वर्षात शेजाऱ्यांना विचारून चांगला इंजिनियर गाठा, मग सोडून द्या. घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा पेन्शनच्या वयाचं माणूस असेल तर वीज-गॅस कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरवर (अडचणीत ज्यांना जादा मदत मिळते त्यांच्या यादीत) नाव घाला, तेही फुकट आहे.

डिसेंबरात पाच-सहा आठवडे भारतात जाणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. घर सलग 30 दिवस, काही पॉलिसींत 60, रिकामं राहिलं तर कव्हर लागू होत नाही, आणि होम इन्शुरन्समधलं पाणीगळतीचं कलमही बरेचदा तेवढ्यापुरतं थांबतं. विमानाची तिकिटं काढल्यावर कंपनीला फोन करा, किती दिवस चालेल ते ईमेलवर लेखी मागा. स्टॉप टॅप बंद करून जा, नाहीतर हीटिंग 12-15 अंशांवर चालू ठेवा. काही पॉलिसी दोन्हीतलं एक काहीतरी करायलाच सांगतात, आणि तसं केल्याचा पुरावा म्हणून निघताना थर्मोस्टॅटचा एक फोटो काढलेला बरा.