नानांची संहिता

२८ डिसेंबर, रविवार

आज पहाटे गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालताना बोटे बधिर झाली. निफाडकडे याहून अधिक गारठा असणार. पारा फार उतरला तर भरत आलेल्या मण्यांना तडे जातात, म्हणून तिकडे द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवतात. नानांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, बालपण त्याच भागात गेले. बाग विकून पुष्कळ वर्षे झाली, तरी थंडी पडली की ते अजून सकाळी आधी निफाडचे तापमान विचारतात.

यंदा मात्र त्यांना कालच्या नाटकाची काळजी अधिक होती. त्यांना ऐकू कमी येते. कानातले यंत्र घरात उपयोगी पडते. परंतु नाट्यगृहात ते नटाच्या वाक्याबरोबर मागच्या रांगेतला खोकलाही तितकाच मोठा करते, आणि डिसेंबरात खोकल्याला खळ नसतो. गेल्या हिवाळ्यात मध्यंतरात ते शांतपणे म्हणाले होते, "तुम्ही आत जा, मी इथेच चहा घेत बसतो." ते वाक्य मला वर्षभर टोचत राहिले.

उपाय त्यांचा त्यांनीच शोधला. काल व्हायचे होते ते जुने तीन अंकी नाटक पुस्तकरूपाने मिळते, हे आठवून त्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून ते आणले. हे वाचनालय १८४० सालचे, आणि विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते १८४३ साली. म्हणजे आपले वाचनालय मराठी रंगभूमीपेक्षा तीन वर्षांनी थोरले आहे, असे ते नातीला, ओवीला, दरवर्षी रंगभूमी दिनी अभिमानाने सांगतात. मलाही तो अभिमान योग्य वाटतो. शिरवाडकर आणि कानेटकर ज्या गावात राहिले, तिथे नाटक पाहण्याइतकेच वाचलेही जायला हवे.

त्या प्रतीत कोणा हौशी मंडळींनी तालमीच्या वेळी शिसपेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या: "आवाज खाली", "पाठ प्रेक्षकांकडे नको", आणि दुसऱ्या अंकात वडील मुलाचे पत्र वाचून घडी घालतात तिथे, "तीन आकडे मोजणे". वाचनालयाच्या पुस्तकावर लिहिणे मला एरवी अजिबात खपत नाही, पण या खुणांनी नानांना जे दिले ते छापील मजकुराने दिले नसते. वाक्ये त्यांना पाठ होतच होती. त्या वाक्यांमधली शांतता कुठे आहे, हे त्यांना पेन्सिलीने दाखवले. रोज सकाळी उन्हात खुर्ची ओढून ते वाचत बसत, आणि शाळेतून आल्यावर ओवी मुलीची भूमिका त्यांच्या कानाशी मोठ्याने वाचत असे. हे तीन आठवडे आमच्या घरात दूरदर्शन संच जवळजवळ बंदच होता.

काल वाचनालयाच्याच परशुराम सायखेडकर नाट्यगृहात आम्ही चौघे तिसऱ्या रांगेत बसलो. बाहेर वारा बोचरा होता, तरी आत शिरताच नानांनी कानटोपी काढून खिशात ठेवली आणि यंत्राचा आवाज कमी केला. पडदा उघडल्यापासून त्यांची नजर नटांच्या ओठांवर होती. हशा उठायच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावर हसू येत होते. पत्राच्या प्रसंगी मी रंगमंचाकडे पाहायचे सोडून त्यांच्या हाताकडे पाहत राहिले. गुडघ्यावर त्यांचे बोट एक, दोन, तीन असे हलले, आणि नट अजून गप्पच होता. बोट थांबले, पुन्हा एकदा हलले, आणि मग नट बोलला.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "त्याने चार मोजले. चारच बरोबर."

पुस्तक मंगळवारी परत करायचे आहे. पेन्सिलीने तिनाचे चार करू का, असे ओवीने आज विचारले, तेव्हा नानांनी तिला थांबवले. पुस्तक आपले नाही, म्हणाले. दुपारी मी पुस्तक पिशवीत ठेवण्यासाठी उचलले, तेव्हा त्या पानात एक लहानशी चिठ्ठी दिसली. तिच्यावर नानांच्या अक्षरात फक्त "चार" एवढेच लिहिलेले होते. मी ती तशीच राहू दिली.