गॅस बंद आहे ना? ओसीडी आणि पुन्हा पुन्हा तपासणं

कोथरूडहून हिंजवडीला निघालेला माणूस चांदणी चौकातून गाडी वळवतो, कारण गॅस बंद केल्याची खात्री वाटत नाही. असं कधीमधी कुणाचंही होतं आणि तेवढ्यावरून कुणाला ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर हा मनोविकार, आहे असं ठरत नाही. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा घुसतो का, तो शमवायला तपासणं, धुणं, मोजणं किंवा मनातल्या मनात काही म्हणणं भाग पडतं का, आणि या सगळ्यात रोज तासाभराहून जास्त वेळ जातो किंवा कामाधंद्याचं नुकसान होतं का, हे निदान करताना पाहतात. तीव्रता मोजायला येल-ब्राउन मापनश्रेणी आहे: दहा प्रश्न, ० ते ४० गुण.

‘आमची आजी सोवळ्याची होती, तिलाही ओसीडीच असणार’ हे पुण्यात हमखास ऐकू येतं. सोवळ्याचे नियम ठरलेले असतात, ते पाळले की विषय संपतो. ओसीडीत तो संपत नाही.

विचित्र विचार येणं हा मूळ दोष नव्हेच. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की, निरोगी माणसांच्या डोक्यातही तसेच विचार येतात. फरक पडतो तो त्या विचाराला दिलेल्या अर्थाने. ‘मी पाहिलं नाही आणि स्फोट झाला, तर दोष माझाच’ अशी फुगवलेली जबाबदारी सॅल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्ये केंद्रस्थानी आणली. तपासलं की भीती उतरते. ती उतरते म्हणूनच पुढच्या वेळी हात पुन्हा नॉबकडे जातो.

आता गंमत बघा. २००३ मध्ये व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी निरोगी लोकांना संगणकावरच्या आभासी गॅस शेगडीचे नॉब वारंवार तपासायला लावले. शेवटी कोणते नॉब तपासले हे त्यांना बरोबर सांगता आलं, पण ती आठवण पुसट झाली होती आणि तिच्यावरचा भरवसा उडाला होता. म्हणजे ‘खात्री नाही म्हणून तपासतो’ हे अर्धंच खरं. तपासतो म्हणूनही खात्री राहत नाही. दहाव्यांदा पाहूनही समाधान का होत नाही, ते इथे कळतं.

यावर ज्या उपचाराचा पुरावा सर्वात भक्कम आहे, त्याला ईआरपी म्हणतात: भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. आधी प्रसंगांची यादी करून प्रत्येकाला ० ते १०० असे भीतीचे गुण द्यायचे. सुरुवात तीस-चाळीसच्या आसपास. चहा झाला की बर्नर एकदाच बंद करायचा आणि हॉलमध्ये जाऊन बसायचं, अर्धा तास स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. ते जमलं की सोसायटीच्या गेटपर्यंत, मग मंडईत जाऊन भाजी आणायची, शेवटी सर्वात उशिरा बाहेर पडून कुलूप स्वतः लावायचं. निघण्यापूर्वी ‘काय होईल असं वाटतं’ ते कागदावर लिहायचं आणि परतल्यावर पडताळायचं. भीती अर्ध्यावर येईपर्यंत थांबायचं असा जुना नियम होता. आता अनेक थेरपिस्ट भाकीत खोटं ठरण्यावर जास्त भर देतात. साधारण १२ ते २० सत्रं लागतात, पण खरं काम रोजच्या गृहपाठात होतं.

घोटाळा होतो तो चोरवाटांमुळे. मोबाइलवर नॉबचा फोटो काढून ठेवणं हे तपासणंच. सराव करताना रामरक्षा म्हणणं किंवा दीर्घ श्वास घेत बसणंही, हेतू भीती पळवण्याचा असेल तर, तपासण्याचंच भावंड. (एरवी रामरक्षेला कोण नको म्हणतंय!) चुकून तपासलं गेलंच तर बर्नर पुन्हा पेटवायचा, एकदा बंद करायचा आणि मागे वळून न पाहता निघायचं.

सगळ्यात चिवट चोरवाट म्हणजे घरचे लोक. ‘अहो, गॅस बंद आहे ना?’ ‘हो, आहे.’ माझ्या मते निम्मी थेरपी या दोन वाक्यांवर करावी लागते. एका दिवसात उत्तर देणं बंद केलं तर भांडणं होतात. म्हणून आधी तिघांनी, म्हणजे रुग्ण, जोडीदार आणि थेरपिस्ट यांनी बसून एक वाक्य ठरवायचं: ‘हा ओसीडीचा प्रश्न आहे, मी उत्तर देणार नाही, चल, चहा घेऊ.’ आवाज चढवायचा नाही, टोमणा मारायचा नाही.

औषधांत एसएसआरआय (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी, नैराश्यावरही देतात ती औषधं) हा गट पहिला. नैराश्यापेक्षा इथे डोस बहुधा जास्त लागतो आणि परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळ्या सोडणारे बरेच. अचानक सोडल्यास चक्कर, चिडचिड होते. बरं वाटल्यावरही निदान वर्षभर चालू ठेवून मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. झोपेच्या-शांततेच्या गोळ्या घेऊन सराव केला तर श्रेय गोळीला जातं, शिकणं कच्चं राहतं.

पुण्यात ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. फोनवर बोलायचं तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर मोफत मिळते. खाजगीत जाणार असाल तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: ‘तुम्ही ईआरपी करता का, आणि सराव सत्रातच करून घेता का?’ ‘आपण लहानपणाबद्दल बोलू’ एवढंच उत्तर आलं, तर दुसरा नंबर फिरवा.