आपत्कालीन बॅग घ्यायची तर भिजवून वजन करा

दुकानात बॅग उचलून बघतात ती कोरडी असते. आपल्याकडे घर सोडायची वेळ येते ती भर पावसात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात वेदगंगा नदी निपाणीजवळच्या यमगर्णीपाशी थेट महामार्गावर आली होती. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कल्लोळ-येडूर हे बंधारे तर पाऊस जरा लागून राहिला की पाण्याखालीच. त्यामुळं बॅगेचं खरं वजन म्हणजे भिजल्यावरचं वजन. रिकामी बॅग बादलीत बुडवा, पाच मिनिटं टांगून निथळू द्या आणि लटकत्या काट्याला लावा. पाठीला जाड फोम असलेल्या कॉलेजच्या बॅगा इथंच नापास होतात. फोम पाणी पितो आणि लवकर सोडत नाही.

३० ते ३५ लिटरची बॅग पुरते. कोरडी एक-सव्वा किलोच्या आत, भरून सात किलोपर्यंत. म्हाताऱ्या माणसाची चारच्या पुढं नको. ६०० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टर जड असतं, पण भिंतीला-दगडाला घासलं तरी टिकतं. २१० डेनियरचं रिपस्टॉप नायलॉन हलकं, आणि त्यातल्या चौकटीच्या जाड धाग्यांमुळं फाट पुढं सरकत नाही. अंग नायलॉनचं आणि बूड जाड कापडाचं, असा मेळ सगळ्यात बरा. आतला पाणी अडवणारा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर मात्र दमट हवेत काही वर्षांत चिकट होऊन सोलतो. खानापूर-जांबोटीकडं तर हमखास. हात लावल्यावर चिकटलं तर ती बॅग पाणी अडवत नाही असं धरून चाला.

कापड सहसा फाटत नाही, शिवण उसवते. खांद्याचे पट्टे वर जिथं जोडलेत तिथं चौकोनात फुलीची किंवा दाट आडवी शिवण हवी. आत दहा किलोचं पीठ घाला, एकाच पट्ट्यानं उचला, दोन-चार हिसके द्या. टाका चरचरला की परत करा. चेनचे दात नव्हे, बहुतेक वेळा रनर (ओढायचा सरकता भाग) आधी खराब होतो. जाड कॉइलची (प्लास्टिकच्या वेटोळ्याची) चेन घ्या, धातूची गंजते.

वरून घालायचं रेनकव्हर पावसाला ठीक. पाण्यातून चालताना त्यातच पाणी साठतं. त्यापेक्षा आतून शंभर मायक्रॉनची मोठी पॉलिथिन पिशवी घाला, तोंड पिळून दुमडा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधा. खताच्या पोत्यातलं आतलं प्लास्टिक फुकट मिळतं, पण त्यात युरिया राहतो, तेव्हा खाण्याच्या वस्तूंना ते नको. पाण्यात उतरावंच लागलं तर कमरेचा पट्टा आधी सोडा, म्हणजे तोल गेला तर बॅग टाकून देता येते. वाहतं पाणी १५ सेंटीमीटर असलं तरी माणसाला पाडू शकतं. बंधाऱ्यावर तर उतरूच नका.

बॅगेत ठेवायची ताडपत्री जीएसएमवर (एका चौरस मीटरला किती ग्रॅम) विकतात, म्हणून वजन घरीच काढता येतं. सहा बाय नऊ फूट म्हणजे पाच चौरस मीटर. ९० जीएसएमची साडेचारशे ग्रॅम भरते. तिची कडी आधी निघते. म्हणून कडीत दोरी न अडकवता कोपऱ्यात गोटा गुंडाळून त्याच्या मानेला बांधा. दोरी चार मिलिमीटरची नायलॉनची, दहा मीटर. एक पंचा ठेवाच: लवकर वाळतो, पाणी गाळायला येतो, हात मोडला तर झोळी होते. टॉवेल घरी राहू दे.

पुराचं पाणी गढूळ असतं आणि क्लोरीनची गोळी त्या गाळातच खर्ची पडते. आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, गाळा, मग पाकिटावरच्या मापानं गोळी टाकून अर्धा तास थांबा. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पेल्यात ओतणं ही नेहमीची चूक. ते मीठ जास्त होऊन उलट त्रास देतं. बाटली पेट प्लास्टिकचीच, स्टीलची उगाच जड.

डोक्याला लावायची बॅटरी घ्या, हात मोकळे राहतात. सेल बाहेर काढून ठेवा. अल्कलाईन सेल आतच गळतात आणि पत्रा खातात. १०,००० एमएएचची पॉवर बँक फोनला प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच देते. काडेपेटी नको, लायटर. शिट्टी आत गोळी नसलेली, कारण ओली झाल्यावर गोळी अडकते.

आधार, रेशन कार्ड आणि शेताच्या उताऱ्याच्या प्रती लेझर किंवा झेरॉक्सच्या हव्यात. इंकजेटची शाई ओलीत पसरते. सोबत एक चिठ्ठी: नाव, गाव, रक्तगट, चालू औषधं, दोन फोन नंबर. ती मराठीत आणि कन्नडमध्येही लिहा. निवारा केंद्रात समोरचा कर्मचारी कुठला असेल सांगता येत नाही.

मृगाच्या आधी एकदा सगळं उपसा: औषधांच्या तारखा बघा, शेंगदाणे-गूळ बदला, पॉवर बँक चार्ज करा आणि पुढं दर तीन महिन्यांनी. बॅग माळ्यावर ठेवू नका, पत्र्याखालच्या उन्हाळ्यात औषधं आणि बॅटरी दोन्ही खराब होतात. दाराजवळच्या खुंटीला, हात पोचेल अशा उंचीवर टांगा.