परग्रहावरचे शब्द आणि गावांच्या भेंड्या

इंग्लंडमध्ये इयर वनच्या मुलांची, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या पोरांची, जूनमध्ये एक छोटी चाचणी होते. फोनिक्स स्क्रीनिंग चेक. 2012 पासून सरकारी शाळांत ती सगळीकडे आहे. बाई मुलाला शेजारी बसवून 40 शब्द वाचून घेतात. गंमत म्हणजे त्यातले 20 शब्द भाषेत नसतातच; त्यांच्या शेजारी परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र असतं. खरे शब्द चलाख मूल नुसतं रूप पाठ करून दडपून वाचतं. खोट्या शब्दापुढे ही युक्ती चालत नाही, अक्षराला आवाज जोडावाच लागतो.

या चाचणीतून डिसलेक्सियाचं, म्हणजे वाचन-लेखन सतत अडत राहण्याच्या अक्षमतेचं, निदान होत नाही. कमी गुण पडले तर शाळा जादा मदत देते आणि इयर टूमध्ये पुन्हा वाचून घेते, एवढंच.

इथल्या मराठी घरांत मात्र त्यावर एक ठरलेलं उत्तर असतं: "घरात मराठी, शाळेत इंग्रजी, गोंधळतंय बिचारं." मला या वाक्याची भीती वाटते. दोन भाषांमुळे डिसलेक्सिया होत नाही, पण त्यांच्या आड तो वर्षानुवर्षं लपू शकतो. इंग्रजीत अडणारं मूल मराठीत झकास असेल, तर बहुधा थोडा वेळच हवा. पण मराठीत भरभरून गप्पा मारणाऱ्या मुलाला गावांच्या भेंड्यांत 'नागपूर'चा शेवटचा 'र' पकडता येत नसेल, बडबडगीतातलं यमक कानाला जाणवत नसेल, वारांचा क्रम सारखा घसरत असेल, तर दोष दुसऱ्या भाषेवर ढकलू नये. आधी कान-डोळे तपासून घ्यावेत. आणि बी-डीची उलटापालट या वयात बऱ्याच मुलांची होते. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

इथे सगळं छान आहे असंही नाही. डिसलेक्सियाची तपासणी एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सहसा करत नाही, खासगी तपासणीला शेकडो पौंड लागतात. पण शाळेतली मदत निदानाच्या कागदासाठी अडत नाही, किमान नियम तरी तसा आहे. आपल्याकडे भारतात 2016 च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमता (डिसलेक्सिया त्यातलाच) आली, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळही मिळतो. तरी ओळखीतल्या घरांत धावपळ सुरू होते ती दहावी तोंडावर आल्यावर.

इंग्लंडमधल्या प्रत्येक सरकारी शाळेत विशेष गरजांचं काम पाहणाऱ्या शिक्षिका, सेन्को, असतात. त्यांना भेटायला जाताना मराठीतल्या अडखळण्याची चार उदाहरणं लिहून न्या. त्यांना मराठी येत नाही, त्यामुळे ही माहिती त्यांना तुमच्याकडूनच मिळणार.